माल चोख हाय, निवृत्ती

माझ्या कपाटात सात शाली आहेत. त्या कशाबद्दल मिळाल्या ते अख्ख्या कळंबला ठाऊक आहे, वाशीला ठाऊक आहे, तिकडं मुरुमच्या व्यापाऱ्यांनाही ठाऊक आहे. पण पहिली शाल खांद्यावर पडली तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं, ते आजवर कुणाला बोललो नाही — बायकोला नाही, पोराला नाही, तुळजापूरला देवीपुढं हात जोडले तेव्हा तिलासुद्धा नाही. आणि मी काही मुका माणूस नाही, बरं का! मोंढ्यात माझा आवाज चार दुकानं पलीकडं ऐकू जातो. न बोललेली अशी ही एकच गोष्ट. आज बसा जरा, तुम्हाला सांगून बघतो.

आधी चांगलं सांगतो. चांगलं सांगताना मला लाज वाटत नाही, आणि खोटी नम्रता मला जमत नाही.

कळंबच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माझं आडत दुकान आहे. शेतकरी माल आणतो, दुकानापुढं उतरवतो, लिलाव होतो, निवृत्ती मापाडी वजन करतो, मी हिशोबाची पट्टी फाडतो. तीस वर्षं हेच चाललंय. आमच्या धंद्यात एक गोष्ट लहान पोरालाही कळते — पोत्याच्या तोंडाशी असलेला दाणा बघून कुणी भाव करत नाही. वरती सगळेच चांगला माल ठेवतात. आमच्याकडं हातभर लांब लोखंडी नळी असते, टोकाला अणकुचीदार. ती पोत्याच्या पोटात खुपसायची, आतला दाणा तळहातावर घ्यायचा, दाताखाली फोडायचा, मग बोलायचं. नळी घालून आडत्या एकदा ‘माल चोख’ म्हणाला की विषय संपला. पुन्हा कुणी विचारत नाही.

आणि अशा आम्हा नळीवाल्यांना एका फोनवाल्यानं गंडवलं! हसा, हसा. मीही हसतो.

पाच वर्षं झाली. एक माणूस यायला लागला, कडक इस्त्रीचा, गोड बोलणारा. आम्ही त्याला ‘सर’ म्हणायचो, एवढा तो सर होता. त्याची कंपनी म्हणे समुद्रातल्या कुठल्याशा बेटावर, त्या बेटाचं नाव आमच्या तोंडात बसायचं नाही. सोनं, तेल, डॉलर ह्यांच्या भावावर सौदे. तुम्ही डिपॉझिट ठेवायचं, सौदे त्यांची माणसं करणार, नफा तुमच्या फोनवर हिरव्या आकड्यात रोज दिसणार. परवाना? कुणी विचारलाच नाही. मी पन्नास हजार टाकले. आठ दिवसांनी पाच हजार मागितले, तर दुपारपर्यंत बँकेत हजर! मी चहाच्या टपरीवर फोन सगळ्यांपुढं नाचवला. वानगी चोख निघाली म्हणालो. मग काय, एकेकानं पाच-पाच हजार काढून बघितले, सगळ्यांचे आले, आणि जो तो लाखाच्या भाषेत बोलायला लागला. मीही भरत भरत तीन लाखांवर नेले. तोंडाशी ठेवलेला दाणा बघून आम्ही सगळं पोतं घेतलं. दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर त्याला आम्ही मोंढ्यात जन्मभर चिडवलं असतं.

लोक सांगतात ती गोष्ट इथून पुढं अशी आहे. शेठला, म्हणजे मला, वास आला. शेठनं आपले तीन लाख वेळेत काढून घेतले. मग निवृत्ती मापाड्याचे तीन लाख अडकले, ते बघून शेठ पेटले आणि त्यांनी मोंढा वाचवला. ह्यात खोटं काय आहे? एक अक्षर खोटं नाही. तेच तर आहे सगळं.

पण तो गुरुवार, राव! तो गुरुवार मी कुणाला देणार नाही.

त्या रविवारी सरनं मंगल कार्यालयात मेळावा ठेवला होता. त्या दिवशी डिपॉझिट भरणाऱ्याला वर जादा रक्कम मिळणार होती. हंगाम नुकताच उतरलेला, व्यापाऱ्यांच्या हातात पैसा खेळत होता. कुणी पोरीच्या लग्नाचे काढून ठेवलेले, कुणी दुकानाचं सगळं भांडवल. हमालांनीसुद्धा आपापसात गोळा केले होते. रविवार झाला असता तर मोंढ्याला कुलूप लागलं असतं, हे मी लिहून देतो.

गुरुवारी लिलाव सुरू व्हायच्या आधी मी पोत्यांच्या थप्पीवर चढलो. लिलाव पुकारणाऱ्याच्या हातातला माइक घेतला. म्हणालो, “फोन काढा समद्यांनी. वानगी लई बघितली. आज नळी पोटात घालायची. जेवढं टाकलंय तेवढं सगळं परत मागा, एक रुपया मागं ठेवू नका. आलं तर रविवारी म्या सोता पहिलं डिपॉझिट भरतो!”

मन्मथशेठ म्हणून आमचे जुने व्यापारी आहेत, जीभ तिखट. ते खालून ओरडले, “तुमचं निघालं की वो शेठ! मग आमचं कामून न्हाय निघणार?”

सगळे हसले. पण मी म्हणालो, “तेच बघायचंय. दाबा.”

दाबलं सगळ्यांनी. साठ-सत्तर माणसं माना खाली घालून उभी. पोत्यांवरच्या चिमण्यांची चिवचिव ऐकू येत होती. पाच मिनिटं, दहा मिनिटं. प्रत्येकाच्या फोनवर तेच एक पिवळं चक्र फिरतंय, फिरतंय, आणि खाली ‘प्रतीक्षा करा’. मन्मथशेठनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. मग ते फक्त एवढंच म्हणाले, “भुसा हाय रे आत.”

त्यानंतर आम्ही थांबलो नाही. लिलाव बंद. दोन टेम्पो, एक जीप, आणि तडक धाराशिव. सायबरच्या कार्यालयात एक तरुण फौजदार बाई होत्या. एवढी माणसं बघून त्या आधी दचकल्या, मग त्यांनी आम्हाला ओळीनं बसवलं, पाणी पाजलं आणि बँकेचे कागद मागितले. आमचे सगळ्यांचे पैसे बेटावर वगैरे कुठं नव्हते, ते एका भलत्याच दुकानाच्या नावानं उघडलेल्या खात्यात गेले होते. बाईंनी कॉम्प्युटरवर सरकारची यादी उघडली, परवाना नसलेल्या कंपन्यांची. आमची कंपनी तिथं ठळक अक्षरात! वर्षभर ती यादी कुणालाही बघता येत होती, फुकट. आम्ही बघितली नव्हती. बाई म्हणाल्या, “खात्यात अजून पैसा आहे. तुम्ही आज आलात म्हणून. सोमवारी आला असतात तर मी तुम्हाला नुसता चहा पाजला असता.” आणि त्यांनी खातं गोठवलं. टेम्पोत परत येताना माणसं अशी ओरडत होती की रस्त्यावरच्या गावांना वाटलं वरातच चाललीय.

आणि रविवार! सरला काही कळू द्यायचं नाही असं ठरलं होतं. तो आला, पडदा लावला, माइक तपासला. सभागृह खच्चून भरलेलं. पहिल्या दोन रांगांत आमचे हमाल, हाताची घडी घालून. सर म्हणाला, “आज आपल्या जीवनातला सोनेरी दिवस आहे.” मन्मथशेठ उठले, “व्हय, हाय. पर आधी आमचं पोतं मोकळं करा.” आणि साठ-सत्तर हात वर गेले, प्रत्येक हातात फोन, प्रत्येक फोनवर ते पिवळं चक्र. सरचा चेहरा — काय सांगू! तो मागच्या दारानं सुटला, तर तिथं स्वयंपाकघर. दुपारी तिथं कुणाचं तरी लग्न होतं. भाताच्या पातेल्याला अडखळून तो पडला आणि आचाऱ्यानं झाऱ्यानं त्याला दाबून धरला. पोलीस आत आले तेव्हा आचारी म्हणत होता, “माझा भात कोण भरून देणार?” अजून आम्ही तो प्रसंग सांगतो तेव्हा चहा थंड होतो.

कोर्ट, कागद, पुन्हा कोर्ट. चौदा महिने गेले. पण पैसा आला! ज्यानं भरला त्याला आला. मोंढ्यात गुलाल उधळला, फटाके वाजले. मला फेटा बांधला. आणि शाल कुणाच्या हातून घालायची? सगळे म्हणाले, निवृत्तीच्या. त्याच्यासाठीच तर शेठ थप्पीवर चढले होते. निवृत्तीनं माझ्या खांद्यावर शाल टाकली, त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता तो प्रश्न. मन्मथशेठनं हसत हसत विचारलेला. अख्ख्या मोंढ्याचे अडकले — मग माझे कसे निघाले?

पाच वर्षांत कुणी पुन्हा विचारलं नाही. मीच विचारतो स्वतःला, दाढी करताना, काट्यापुढं उभा असताना. माझे तीन लाख काय हुशारीनं निघाले होते? वास आला म्हणून निघाले?

नाही हो. माझेही अडकलेच होते. तूर खरेदी करायची म्हणून मी सगळे परत मागितले, तर माझ्याही फोनवर तेच पिवळं चक्र. सरला फोन लावला. तो म्हणाला, आधी थोडा कर भरा. मी त्याला आमच्या मोंढ्यातली एक शिवी दिली, ती इथं सांगत नाही. मग तो आवाज खाली करून म्हणाला, “शेठ, तेवढ्याच रकमेचा एक नवीन मेंबर आणा. तुमचे लगेच सोडतो.”

तिथंच कळलं. शंका आली असं मी म्हणणार नाही — शंका आली म्हटलं तर सोपं जाईल, माझं मलाच बरं वाटेल. शंका नव्हती. नळी पोटात गेली होती, आणि तळहातावर भुसा होता. मी तो बघितला. मी तीस वर्षं दुसरं केलंय काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी निवृत्ती काट्यापाशी आला. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, एकवीस वर्षं माझ्या दुकानापुढं तोलतोय, एका छटाकाचा दगा कुणाला दिलेला नाही. त्याच्याकडं तीन लाख होते. बरोब्बर तीन. म्हशीच्या दुधाचे, तोलाईचे, बायकोनं पाटल्या मोडल्या त्याचे. त्याच्या अश्विनीला नर्सिंगला जायचं होतं, दोन महिन्यांवर प्रवेश आला होता. फी होती, होस्टेलच्या खर्चाला कमी पडत होते. दोन महिने नफा घ्यावा आणि काढून फी भरावी, असा त्याचा साधा हिशोब.

तो म्हणाला, “शेठ, तुमी नळी घालून बघितलीय न्हवं? तुमी म्हनत असाल तर म्या टाकतो.”

माझ्या हातात चहाचा ग्लास होता. निम्मा राहिला होता. मला एक शब्द बोलायचा होता — न्हाय. एवढाच. कुणी माझ्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. दुकान बुडत नव्हतं. तीन लाख गेले असते तर एक हंगाम जड गेला असता, बस्स.

मी म्हणालो, “माल चोख हाय, निवृत्ती. टाक.”

त्यानं पुन्हा विचारलं नाही. आडत्यानं चोख म्हटल्यावर मापाडी कसा विचारणार? बँकेत मी त्याच्याबरोबर गेलो. फॉर्म मी भरला, त्याला ते बारीक रकाने दिसत नाहीत. त्या भलत्या दुकानाचं नाव, खात्याचा नंबर, रक्कम — सगळं माझ्या अक्षरात. खाली त्यानं सही केली, सावकाश, जीभ दातात धरून. बाहेर आल्यावर त्यानं मला उसाचा रस पाजला. पैसे मला देऊ दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. तीन लाख जमा. कुठून आले? मी फॉर्मवर जे नाव लिहिलं होतं, त्याच खात्यातून. कुणाचे आले ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या पैशाची मी तूर घेतली. ती विकली तेव्हा भाव चांगला लागला.

निवृत्तीच्या फोनवर मात्र लवकरच पिवळं चक्र सुरू झालं. त्याची बोटं पोती ओढून ओढून जाड झालेली, फोन त्यांना दाद देत नाही. म्हणून तो रोज दुपारी फोन घेऊन माझ्यापुढं यायचा. “शेठ, बघा की, आलं का?” मी बघायचो. बारा दिवस मी त्याचा फोन हातात घेऊन बघितलं आणि ‘येईल’ म्हणालो. तेराव्या दिवशी ते मला सहन होईना, म्हणून मी थप्पीवर चढलो. त्या दिवशी दुकानात जाऊन त्याच्या हातावर तीन लाख ठेवले असते तरी चाललं असतं. पण मग त्यानं विचारलं असतं, का? म्हणून मी अख्खा मोंढा वाचवला. ते मला सोपं गेलं.

अजून आहे. चौदा महिने कोर्ट चाललं म्हणालो ना? त्यात अश्विनीचा प्रवेश गेला. तिच्या वर्गातल्या पोरी पांढरा ड्रेस घालून निघून गेल्या, आणि ती वर्षभर एका औषधाच्या दुकानात गोळ्यांच्या पाकिटांवर ‘सकाळ-संध्याकाळ’ लिहीत उभी होती. मी त्या दुकानावरून रोज जायचो. माझे पैसे तेव्हा बँकेत पडून होते — माझे म्हणतो, बघा, अजून तोंडात तेच येतं. एकदा तर मी निवृत्तीला बोलावून म्हणालो, पोरीचं वर्ष वाया जातंय, पन्नास हजार उसने घे. त्याचेच पैसे त्याला उसने द्यायला निघालो होतो मी! तो म्हणाला, “न्हाय शेठ. तुमी आमच्यासाठी एवढं पळताव, अजून किती उपकार घिऊ?” मी जास्त आग्रह केला नाही.

पुढं त्याचे पैसे सुटले, अश्विनी गेली शिकायला. आमच्या मोंढ्यात तेव्हापासून कुठल्याही फोनवाल्याचं काही चालत नाही. नवीन कंपनी आली की आधी सरकारी यादी, मग परवाना, मग सगळे मिळून ठरवतात. वाशीला, मुरुमला मला बोलावतात, मी जातो, गरजून बोलतो, लोक वाचतात. गेल्याच वर्षी एका गावातला सगळा बाजार एका दुपारी बाहेर निघाला, माझ्या एका भाषणावर. त्याचा आनंद मला होतो. खरा होतो. तो मी टाकून देणार नाही. आणि भाषणात प्रत्येक ठिकाणी मी म्हणतो, कुणाच्या शब्दावर पैसा टाकू नका. लोक विचारत नाहीत, हे तुम्हाला कुणी शिकवलं.

मागच्या मंगळवारी अश्विनी दुकानात आली. दवाखान्यात लागलीय आता. पांढरा ड्रेस, खिशाला घड्याळ, केसांचा घट्ट बुचडा. पहिला पगार झाला म्हणून पेढे आणले होते. निवृत्ती काट्यापाशी उभा, काम सोडून नुसता तिच्याकडं बघत होता. सगळे हमाल गोळा झाले. ती म्हणाली, “काका, पहिला पेढा देवीला, दुसरा तुम्हाला. बाबा म्हणतात, तुम्ही नसता तर मी ह्या ड्रेसमध्ये नसते.”

मी पेढा तोंडात टाकला. ती वाकली. तिचे हात माझ्या पायांपर्यंत आले.

मी पाय मागं घेतले नाहीत.